जावई नावाचे इंजिन

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत दोन इंजिनांच्या एका लहान विमानाची आणि त्यात बसलेल्या तीन जीवांची हकिकत यथामती निवेदन करण्याचे योजिले आहे. दोन इंजिने असली म्हणजे एक बंद पडले तरी दुसरे आहेच, मग भीती ती कसली, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. दोन माणसे जिन्यावरून कपाट उतरवीत असता एकाने अचानक हात सोडला, तर दुसऱ्याचे बळ कामास येत नाही. उलट तेच बळ कपाटाला गर्रकन फिरवून भिंतीवर आपटते. विमानाचेही तसेच आहे. मेलेल्या इंजिनाइतकेच जिवंत इंजिनाचेही भय बाळगावे लागते, आणि मेलेले कोणते व जिवंत कोणते हे ओळखण्यात चूक झाली तर तिसरी संधी कोणी देत नाही. ती चूक कशी घडू पाहते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

विमानाचे मालक, वैमानिक आणि शिक्षक हे तिन्ही एकच गृहस्थ होते. सगळा विमानतळ त्यांना कॅप्टन म्हणे. त्यांचा मुलगा इंजिनांची देखभाल करी, त्यास सगळे मिस्त्री म्हणत. मिस्त्रीची बायको, म्हणजे कॅप्टनची सून, हीच या कथेची नायिका होय. ती अंगाने इतकी लहानखुरी होती की खुर्चीत उशी घेतल्यावाचून तिला विमानाच्या नाकापलीकडचे दिसत नसे. म्हणून सासरे तिला चिमणी म्हणू लागले आणि पुढे तेच नाव तिला चिकटले. एका इंजिनाचे विमान ती चार वर्षे चालवीत होती. दोन इंजिनांचा परवाना मात्र तिला नुकताच मिळाला होता, आणि शेजारी कॅप्टन बसल्याखेरीज ती अजून उडत नसे.

या विमानाचे डावे इंजिन मोठे मानी होते. सकाळी सुरू होण्यास आढेवेढे घेई, उन्हात लगेच तापे, आणि काही कारण नसता मध्येच धाप टाकी. एके दिवशी कॅप्टन वैतागून म्हणाले, "हे इंजिन नाही, जावई आहे जावई! कितीही करा याचं, तोंड फुगलेलंच." विमान ठेवायच्या हँगरमध्ये जो हशा पिकला, त्यात डाव्या इंजिनाचे बारसे झाले. मग उजव्याला वेगळे नाव शोधावे लागले नाही. ते बिचारे वर्षानुवर्षे मुकाट्याने राबत होते, म्हणून ती सून.

तेव्हापासून त्या हँगरमधून डावे आणि उजवे हे शब्दच हद्दपार झाले.

"जावयाला तेल दिलंस का रे?"

"दिलं की. पहिला मान त्याचाच."

"आणि सुनेला?"

"तिला काय धाड भरलीय?"

असे बोलणे रोज चाले. चिमणीही त्यात सामील असे, आणि कधी नवऱ्याला चिमटा काढण्यास चुकत नसे. "माझंसुद्धा तेल कधीतरी बघत जा," असे ती म्हणे, आणि मिस्त्री कानाच्या पाळ्या लाल करून पाना शोधू लागे.

ज्या दिवसाची ही कथा आहे, त्याच्या आदल्या आठवड्यात जावयाने फारच उच्छाद मांडला होता. प्रत्येक इंजिनाला पेट्रोल मोजून देणारा एक भाग असतो. मिस्त्री त्याला मापाडी म्हणे. जावयाचा मापाडीच बिघडला आहे असा मिस्त्रीला संशय आला, परंतु खात्री पटेना. तेव्हा त्याने जो उपाय केला, तो त्याने चिमणीला विमानाच्या पंखाखाली उभे राहून सांगितला.

"मापाड्यांची अदलाबदल केलीय. सुनेचा चांगला मापाडी जावयाला लावला आणि जावयाचा साफसूफ करून सुनेला. आता दोष इंजिनात आहे का मापाड्यात, ते कळेल."

"आणि मापाड्यात असला तर?"

"दोन दिवस जमिनीवर फिरवून बघितलं ना. जावई एकदम खूश. सून हूं की चूं करत नाही. ती घेईल चालवून."

"चालवून घ्यायचं काम सुनांचंच असतं वाटतं."

"तुझं नाही गं बोलत मी!"

चिमणी हसली. मिस्त्री काय म्हणाला ते तिने नीट ऐकले होते, समजूनही घेतले होते. परंतु भीतीला एक खोड आहे. तिला एकदा राहायला जागा मिळाली की ती घर बदलत नाही. चिमणीची भीती डावीकडे राहावयास गेली होती. विमानात चढताना तिने डाव्या इंजिनाकडे तीनदा वळून पाहिले, उजव्याकडे एकदाही नाही.

त्या दिवशी कॅप्टनच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे मिस्त्रीच्या आत्याला, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरात पोचवायचे होते. आत्या गाठोड्यासारखी पिशवी छातीशी धरून मागच्या आसनावर बसल्या आणि बसल्या क्षणापासून बोलू लागल्या.

"अगं चिमणे, हे असं हादरतं का नेहमी?"

"हो आत्या, अजून थंड आहे ना."

"नाही, नेहमीचं असेल तर माझं काही म्हणणं नाही. आणि हा माझा भाऊ तिथे कशाला बसलाय? त्याला कशाला हात लावू देऊ नकोस. लहानपणी नवी कोरी सायकल गटारात घातली होती त्यानं, मला मागे बसवून."

"ताई," कॅप्टन मान न वळवता म्हणाले, "पट्टा बांधलास का?"

"बांधला."

"मग एक तोंडालाही बांध."

चिमणीला हसू आले, परंतु ते टिकले नाही.  ऊन रणरणत होते. तापलेली हवा पातळ होते आणि पातळ हवेत एका इंजिनावर विमान जेमतेम तरंगते, हे तिला ठाऊक होते. हँगरच्या दारात मिस्त्री उभा होता. त्याच्या बाजूला भिंतीवरचा रेडिओ नेहमीप्रमाणे चालू असणार. विमान वर असेपर्यंत तो त्या रेडिओजवळून हलत नसे. त्याने हात हलविला. तिने हलविला नाही, कारण तिचा एक हात सुकाणूवर होता आणि दुसरा दांड्यांवर.

हे दांडे वाचकांनी ध्यानात घ्यावेत, कारण पुढचे सारे त्यांच्यावर आहे. दोन्ही वैमानिकांच्या मध्ये तीन जोड्या असतात. पहिली जोडी इंजिनांचा जोर कमीजास्त करते. दुसरी जोडी पंख्यांची असते. तिच्यातला दांडा पूर्ण मागे ओढला की त्या बाजूचा पंखा आपली पाती वाऱ्याला धारेने देऊन स्तब्ध उभा राहतो. मेलेल्या इंजिनाचा पंखा असा उभा केला नाही, तर तो वाऱ्याने फिरत राहून विमानाला मागे खेचतो. आणि तिसरी जोडी पेट्रोल तोडते. प्रत्येक जोडीत डावा दांडा डाव्या इंजिनाचा, उजवा उजव्याचा. यात न समजण्यासारखे काहीच नाही, जोवर माणूस शांत बसलेला आहे.

"घोक," कॅप्टन म्हणाले.

"आधी पाय. मग खातरजमा. मग हात."

"पाय म्हणजे?"

"नाक वळू लागलं की उलट्या पायानं पेडल दाबून सरळ धरायचं. जो पाय रिकामा राहील, त्या बाजूचं इंजिन मेलं."

"आणि खातरजमा?"

"मेलेल्याचा जोर मागे ओढून बघायचा. काही फरक पडला नाही, तर तेच मेलंय."

"आणि तोंड?"

"तोंडाचं काही काम नाही."

"शाबास. चल."

विमान धावू लागले. वेगाच्या तबकडीवर एक तांबडी रेघ होती आणि तिच्या पुढे एक निळी. तांबडीच्या खाली वेग गेला तर एका इंजिनावर विमान आवरत नाही, जिवंत इंजिन त्याला उताणे पाडते. निळीवर राहिले तर थोडीफार उंची मिळू शकते. काटा तांबडी ओलांडून पुढे गेला, चाकांची घरघर थांबली, धावपट्टी खाली सुटली.

"चाकं वर," कॅप्टन म्हणाले. चिमणीने चाके उचलली.

धडाका झाला नाही, धूर दिसला नाही. दोन इंजिनांच्या एकवटलेल्या आवाजातून एक पदर हळूच निघून गेला, इतकेच. पाठोपाठ विमानाचे नाक उजवीकडे वळले, कोणी कान धरून वळवावे तसे, आणि उजवा पंख खाली गेला. समोर धावपट्टीच्या शेवटाची झाडे होती. ती तिरपी झाली.

चिमणीचा पाय आपोआप गेला. हात सुकाणूवर आवळला गेला, अंगठा तेथील रेडिओवर बोलावयाच्या बटणावर रुतला, आणि वर्षभर हँगरमध्ये घोटलेला शब्द तिच्या तोंडून किंकाळीसारखा बाहेर पडला.

"जावई गेला!"

कॅप्टनचा हात दुसऱ्या जोडीवर आला आणि त्यांनी डावा दांडा मुठीत धरला.

बत्तीस वर्षे उडालेल्या माणसाचा तो हात होता. त्या हाताने जराही घाई केली नाही आणि तो कापलाही नाही. त्या हाताकडे पाहून चिमणीची उरलीसुरली शंका गेली. कॅप्टनना वाटते आहे म्हणजे जावईच. आणि कॅप्टनना जावईच वाटत होता, कारण चिमणी तसे ओरडली होती. दोघे एकमेकांच्या खांद्यावर भार टाकून उभे होते, आणि दोघांच्याही पायांखाली काही नव्हते.

दांडा मागे येऊ लागला. डाव्या पंख्याचा सूर भसाडा होऊन खाली उतरला. विमान बसू लागले. वेगाचा काटा निळ्या रेघेवरून तांबडीकडे निघाला आणि छताजवळचा धोक्याचा भोंगा केविलवाणा वाजू लागला.

तेवढ्यात चिमणीला आपली मांडी जाणवली.

डावी मांडी. ती थरथरत होती. डावा पाय गुडघ्यात ताठ होऊन पेडल तळापर्यंत दाबीत होता आणि पोटरीत गोळा चढला होता. उजवा पाय आपल्या पेडलवर नुसता ठेवलेला होता, परक्याच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा अंग चोरून.

रिकामा पाय उजवा होता.

तिने ते जाणले, आणि तरीही त्या क्षणी तिचा पायावर विश्वास बसला नाही. पाय एकटा होता. दुसऱ्या बाजूला तिचा स्वतःचा शब्द होता, सासऱ्यांचा हात होता आणि सगळ्या घराची वर्षभराची तक्रार होती. पाय चुकत असेल तर? लहानपणी तिचीही डाव्या-उजव्यात गफलत व्हायची. आता गफलत झाली तर उरलेले इंजिन आपण आपल्याच हाताने बंद करू, आणि मग खाली ती घरे, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, आणि मान वर करून पाहणारी एक बाई. बाईच्या हातातली बादली तिला स्पष्ट दिसली. इतके खाली ते आले होते.

नाक उजवीकडे गेले होते, तिने मनाशी म्हटले. ओढणारे डावीकडे आहे. जिवंत डावीकडे आहे.

तिने सासऱ्यांच्या मनगटावर हाताच्या कडेने फटका मारला.

"हात काढा!"

लग्न होऊन आल्यापासून तिने या माणसासमोर आवाज चढविला नव्हता. कॅप्टनच्या चेहऱ्यावर आधी राग आला नाही, भीतीही आली नाही. नुसते नवल आले. दांडा मात्र त्यांनी सोडला नाही.

"सून आहे! बाबा, सून गेलीय!"

कॅप्टन तिच्याकडे पाहतच राहिले. तो शब्द त्यांच्या कानात गेला खरा, पण तो इंजिनाचा आहे की समोर बसलेल्या मुलीचा, हे त्यांच्या मेंदूला कळेना. ते चिमणीच्या लक्षात आले, आणि तिला कधी नव्हे इतके भय वाटले. शब्दांनी फसवायचे ठरविले होते जणू. ती शब्द शोधू लागली आणि एकही सापडेना. शेवटी तिने आपल्या उजव्या गुडघ्यावर मूठ आपटली.

"हा पाय! हा रिकामा आहे! हा!"

कॅप्टनची नजर खाली गेली. त्यांनी आपले पाय पेडलवर टेकविले, दाब कोणत्या बाजूला आहे ते पाहिले, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी डावा दांडा झटकन पुढे लोटला. डाव्या पंख्याने पुन्हा सूर धरला.

"नाक खाली," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, पण तो शिक्षकाचा होता. "खाली घाल नाक. निळी रेघ पकड."

"खाली घरं आहेत."

"घाल म्हणतो ना!"

जमीन अंगावर येत असता तिच्याकडेच नाक वळवावे, याहून कठीण आज्ञा माणसाला देता येत नाही. चिमणीने सुकाणू पुढे दिले. गच्च्या वर आल्या. भोंगा थांबला. काटा रखडत रखडत निळ्या रेघेजवळ आला.

"आता खातरजमा. मोठ्यानं सांग."

"उजव्याचा जोर मागे ओढतेय." तिने ओढला. काहीही झाले नाही. आवाज तोच, नाक तेथेच, थरथर तेवढीच. कोणी मेलेल्या माणसाला हाक मारावी तसे झाले. "काही फरक नाही. मेलं."

"पंखा उभा कर."

तिने दुसऱ्या जोडीतल्या उजव्या दांड्यावर हात ठेवला आणि तिचा हात गोठला. मघाशी तोंड फसले होते. आता हात फसणार नाही कशावरून? दांडा हाताखाली होता, डोळ्यांसमोर होता, तरी तिला तो उजवा वाटेना.

"बाबा, हाच ना?"

कॅप्टननी वाकून पाहिले.  त्यांनी बोट दांड्यावर टेकविले, मग तेच बोट हवेतून उजव्या खिडकीकडे नेले, बाहेरच्या पंख्याकडे पाहिले आणि पुन्हा दांड्यावर आणले.

"हाच. ओढ."

तिने ओढला. उजवा पंखा मंदावला, पाती एकेक करून दिसू लागली, आणि मग तो स्तब्ध उभा राहिला. पाठीमागून धरून ठेवणारे कोणीतरी एकदम सोडून गेल्यासारखे विमान हलके झाले. चढ दाखविणारा काटा शून्याच्या वर केसभर उठला. केसभरच. पण तो उठला.

कॅप्टननी टॉवरला कळविले, "एक इंजिन गेलंय. परत येतोय." कोणते, ते त्यांनी सांगितले नाही आणि टॉवरवाल्याने विचारले नाही. त्याने एवढेच विचारले, "आग आहे का?" कॅप्टन म्हणाले, "नाही."

"वळायचं कुठे?" चिमणीने विचारले.

"डावीकडे. जिवंत इंजिनाकडे झुकून. हळू. पेल्यात पाणी असल्यासारखी वळ."

ती वळू लागली. पाण्याची टाकी डाव्या पंखाच्या टोकाखालून गेली. टाकीवरची गंजलेली शिडी, तिची प्रत्येक पायरी मोजता आली असती. डाव्या इंजिनावर आता सारा भार होता. चिमणीचे सगळे अंग कान झाले होते. वर्षभर ज्याच्या कुरकुरीला नावे ठेवली, त्याच्या आवाजात एवढीशी धाप आली तरी संपले. त्याच्या तापमानाचा काटा सरकत होता. तिने तिकडे पाहिले, मग पाहायचे सोडले, मग पुन्हा पाहिले.

"पाय थकला?" कॅप्टननी विचारले.

"हो."

"मी दाबू बरोबरीनं?"

"नको." मग थोड्या वेळाने, "दाबा."

सासऱ्यांनी आपला डावा पाय दाबला आणि मधले लहान चाक फिरवून पेडलवरचा जोर हलका केला. त्यांच्या मनगटावर तिच्या फटक्याचा लाल वळ उठला होता. तो तिला दिसत होता, त्यांनाही दिसत असावा. 

मागून आत्यांचा आवाज आला. तो पहिल्यांदाच बारीक होता.

"अगं, इकडचा एक पंखा मघापासून उभा आहे. तो असाच असतो का?"

"हो ताई," कॅप्टन म्हणाले. "विश्रांती घेतोय."

आत्यांनी पिशवी आणखी घट्ट धरली. "बरं," त्या म्हणाल्या, "पण मग दुसऱ्याला एवढ्यात देऊ नका हो."

या वेळी कोणी हसले नाही. धावपट्टी समोर आली होती, दूरवर, एखाद्या वहीच्या पट्टीएवढी.

"चाकं सोडू?"

"नाही. चाकं सोडली की विमान अडतं. पट्टी हाताशी येऊ दे."

"आता?"

"अजून नाही. ही एकच खेप आहे, चिमणे. परत वर जाता येणार नाही. लांब पडली तरी चालेल, आखूड पडता कामा नये."

कुंपणाच्या तारा दिसू लागल्या. तारांवर अडकलेली प्लास्टिकची पिशवी फडफडत होती. 

"आता," कॅप्टन म्हणाले.

चाके खाली आली. ती पक्की बसल्याचे तीन हिरवे दिवे लागावयास जो अवधी लागला, तेवढ्यात तिला आपल्या हातांचा, पायांचा, घराचा, साऱ्याचा विसर पडला; ती फक्त दिव्यांच्या जागेकडे पाहत राहिली. दिवे लागले. तारा खालून गेल्या. तिने जोर कमी केला, नाक डावीकडे उसळले, कॅप्टननी लहान चाक उलटे फिरविले, आणि विमान एकदा आपटून, एकदा उडून, मग धावपट्टीला धरून राहिले.

विमान पट्टीच्या टोकाला जाऊन थांबले. डावे इंजिन मंद चालत होते.

"बंद करू?"

"राहू दे. त्याच्या जोरावर पट्टीच्या बाहेर घेऊ. जरा दम खा आधी." कॅप्टननी डोळे मिटून मान मागे टेकविली.

चिमणीने दम खाण्यासाठी डावीकडच्या खिडकीकडे तोंड केले, आणि तिला मिस्त्री दिसला.

तो गवतातून धावत येत होता. खांद्यावर आग विझविण्याचे तांबडे नळकांडे होते. त्याच्या वजनाने तो वाकला होता, मान खाली होती, आणि तो समोरून, तिरपा, थेट डाव्या इंजिनाकडे येत होता.

आधी तिला बरे वाटले. आपला माणूस दिसला की वाटते तसे. मग तिच्या ध्यानात आले. त्याने हँगरच्या रेडिओवर ऐकले होते. तिचा अंगठा बटणावर होता. तिची किंकाळी त्याने ऐकली होती. जावई गेला. मग अंगठा सुटला होता, आणि त्यानंतर कोणते इंजिन गेले ते रेडिओवर कोणी सांगितलेच नव्हते. तो मेलेले इंजिन विझवावयास येत होता. इंजिनाचा आवाज त्याला ऐकू येत होता, पण त्याच्या लेखी तो आवाज पलीकडचा होता, सुनेचा. पलीकडचा पंखा उभा आहे हे विमानाच्या नाकाआडून त्याला दिसत नव्हते. आणि फिरता पंखा भर उन्हात दिसत नाही; पंख्याच्या जागी नुसती हवा असल्यासारखे वाटते. त्या हवेत तो डोके घालणार होता.

चिमणीने हाक मारली नाही. काच बंद होती, आणि हाकेवर तिचा भरवसा उरला नव्हता. तिने तिसऱ्या जोडीतला डावा दांडा धरला आणि अंगात होते नव्हते ते बळ लावून मागे ओढला.

पेट्रोल तुटले. पण इंजिन तेवढ्याने थांबत नाही. नळीत उरलेल्या थेंबांवर ते आणखी काही फेरे घेते. चिमणी पाहत होती. मिस्त्रीने मान वर केली नाही. त्याने नळकांडे खांद्यावरून पुढे घेतले, खीळ काढण्यासाठी एक पाऊल थांबला, आणि पुन्हा निघाला. इंजिन खोकले. आणखी एकदा खोकले. हवेतून पाती उगवली, आधी पुसट, मग करडी, मग टोकांच्या पिवळ्या पट्ट्यांसकट. शेवटचे पाते वरून खाली आले, त्याच्या कपाळासमोरून, सावकाश, आणि मध्यावर थबकून किंचित मागे आले.

सगळीकडे शांत झाले. तापलेल्या धातूची टिकटिक तेवढी ऐकू येऊ लागली.

मिस्त्री पात्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याने नळकांडे इंजिनावर रोखले होते. मग तो थोडा बाजूला झाला आणि विमानाच्या नाकाखालून वाकून त्याने पलीकडे पाहिले. उजवा पंखा वाऱ्याला धार देऊन निश्चल उभा होता. त्याने पुन्हा समोरच्या पात्याकडे पाहिले. त्याच्या टोकाला बोट लावले आणि चटकन मागे घेतले.

चिमणीने खिडकीची लहान झडप उघडली.

"हा," मिस्त्रीने विचारले, "हा चालू होता?"

तिने मान डोलविली. त्याने नळकांडे गवतात ठेवले, आणि आपणही त्याच्या शेजारी खाली बसला. विमानात कॅप्टनही उठले नाहीत. आत्या मागून विचारीत होत्या, दार कोण उघडणार, आणि शहराला जाणारी मोटार किती वाजता सुटते. दार उघडण्यास बराच वेळ कोणी गेले नाही.

वाचकहो, ही हकिकत येथे पुरी होते. आपण आपला अमूल्य वेळ खर्चून ती शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. लेखनात जे उणे राहिले असेल, ते आपण उदार अंतःकरणाने पोटात घालावे, ही विनंती.

आपला नम्र,
सोनबा लक्ष्मण घोगरे